गळवांतील विष

गेल्या वैशाखांत आमच्या वर्गांतील दांड्याच्या एका मुलाच्या बोटांत माशाचा कांटा रुतला व चार दिवसांत तेथें गळूं झालें. घरच्यांनीं दोष आंब्यांस दिला. मुलानें तें दाबून पाहिलें, तों हात मनगटापर्यंत सुजला. बरा होऊन आल्यावर त्यानें आम्हांस विचारलें, “औषधानें जंतु मेले, तर ठणका पुढें दोन दिवस कां राहिला?” प्रश्न मोठा मार्मिक होता.

ॲबर्डीनचे शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांना १८८० सालीं पुवांत द्राक्षांच्या घोसासारखे जंतु दिसले. ग्रीक भाषेंतील घोसाच्या शब्दावरून त्यांनीं १८८२ त त्यांस ‘स्टॅफिलोकॉकस’ म्हटलें. यांपैकीं गळवें आणणारा सोनेरी जातीचा जंतु कित्येक निरोगी माणसांच्या नाकांत निमूटपणें राहतो. कातडी फुटून तो आंत शिरला, म्हणजे मात्र आपलीं विषें सोडूं लागतो.

‘अल्फा’ विषाचे सात कण एकत्र जुळून पेशीच्या पटलास भोंक पाडतात व पेशी फुटते. दुसरें विष पँटन व व्हॅलेंटाइन यांच्या १९३२ च्या संशोधनामुळें त्यांच्या नांवानें ओळखतात. तें आपल्या रक्षणास धांवलेल्या पांढऱ्या पेशींसच मारितें. पू म्हणजे बव्हंशीं या शिपायांचीं प्रेतेंच. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयांतील संशोधकांस औषधांना दाद न देणाऱ्या पुष्कळ जंतूंपाशीं हें विष बनविणारीं जनुकें आढळलीं. तो अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. माहीम दांड्याहून कितीसें दूर!

तिसरें विष सर्वांत विलक्षण. त्वचेच्या वरच्या थरांतील पेशींस सांधणारें प्रथिन तें नेमकें कापतें. तान्ह्या मुलाच्या रक्तांत तें पसरलें कीं कढत पाण्यानें पोळल्याप्रमाणें कातडी सुटते. प्राग येथील रिटर यांनीं १८७८ त या रोगाचें वर्णन केलें. १९७० त उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांनीं विषाचा कारभार उघड झाला. जंतु बेंबींत किंवा नाकांत, आणि फोड पाठीवर! त्या फोडांतील पाण्यांत बहुधा जंतु सांपडतही नाहींत. अशा बाळास लेप लावीत बसूं नये. त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें.

आतां त्या मुलाचा प्रश्न. जंतु मेले, तरी त्यांनीं आधींच सोडलेलें विष मागें उरतें, आणि झालेली नासाडी भरून येण्यास अवधि लागतो. म्हणून कठीण प्रसंगीं डॉक्टर क्लिंडामायसिन हें औषध जोडीला देतात. तें जंतूंचें प्रथिनें बनविण्याचें काम बंद पाडतें, व हीं विषें प्रथिनेंच होत.