हरलेल्या सामन्याची वही

शिक्षक-पालक मित्रांनो, बुटीबोरीच्या मुलांना कॉलेजच्या टीमचे बास्केटबॉल सामने दाखवायला नेता ना? मग सोबत एक वही ठेवा. नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बाद फेरीत एकदा हरलं, की हंगाम संपला. मग पोरं चिडतात, "पंचांनीच हरवलं!" तेव्हा वही उघडा. फ्री थ्रो 4.60 मीटरवरून मारतात, कुणी अडवत नाही, प्रत्येकी 1 गुण. समजा, 20 पैकी 9 पडले आणि टीम 6 गुणांनी हरली. विचारा, "16 पडले असते तर?" 45 टक्के आणि 80 टक्क्यांतला फरक तिथंच कळतो. टीमवर प्रेम करूच. पण हरण्याचं कारण आधी आपल्या वहीत शोधायला शिकवू या.