चाळिशी



पुस्तक हातीं घेऊन वाचावयास उभा राहिलेला मनुष्य तें हळूहळू डोळ्यांपासून दूर नेऊं लागतो, मग हात लांब करितो, मग दिव्याखालीं सरकतो, आणि शेवटीं "आज उजेड कमी आहे" असें म्हणून पुस्तक दुसऱ्याच्या हातीं देतो. हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. उजेड कमी नसतो. हात अपुरा पडूं लागलेला असतो. आपल्या भाषेनें ह्या गोष्टीस नेमकें नांव दिलें आहे. चाळीस वर्षांच्या वयास आपण चाळिशी म्हणतों, आणि त्या वयांत नाकावर येणाऱ्या चष्म्यासही चाळिशीच म्हणतों.

सुगी झाली, हातीं चार पैसे आले, म्हणजे घरांत काय आणावें ह्याचा विचार होतो. कोणी पंखा आणितो, कोणी शिट्टीचा कुकर, कोणी मुलासाठीं सायकल; आणि ह्या वस्तूंनीं घरांतील कष्ट खरोखर कमी होतात. परंतु मनुष्याच्या हातून गेलेलीं कामें त्याला परत मिळवून देणारी वस्तु शे-दीडशे रुपयांत मिळत असेल, तर तिचा विचार आधीं व्हावयास पाहिजे. आजचा पाठ तिच्याविषयीं आहे.

माझी मावशी गोधड्या शिवण्यांत वाकबगार होती. पन्नाशीच्या सुमारास तिनें सुई सोडली. विचारलें तर म्हणे, "अरे, आतां बोटें चालत नाहींत." बोटें चांगलीं चालत होतीं, सुईचें नेढें तिला दिसत नव्हतें. तांदूळ निवडतांना खडे राहूं लागले, म्हणून सुनेनें सूप आपल्याकडे घेतलें. सून वाईट नव्हती. सासूस विसांवा मिळावा असेंच तिच्या मनांत होतें. अशा रीतीनें एकेक काम निघून गेलें, आणि मावशी आपणांस म्हातारी समजून ओट्यावर बसूं लागली. ही डोळ्यांची गोष्ट आहे असें घरांत कोणासही सुचलें नाहीं. मलाही सुचलें नाहीं, आणि मी तर रोज लिहिणारा-वाचणारा मनुष्य!

एके पावसाळ्यांत तिच्या नातीला ताप आला. औषधाच्या बाटलीबरोबर एक लहानसें माप होतें, आणि त्यावर बारीक रेषा होत्या. सून शेतावर गेलेली, वाचून सांगणारा नातू शाळेंत. मावशीनें अंदाजानें औषध पाजलें. संध्याकाळीं सुनेनें बाटली पाहिली तेव्हां कळलें कीं, सांगितल्याच्या दुप्पट औषध पोटांत गेलें आहे. मुलीस कांहीं इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा. पण मावशी त्या रात्रीं जेवली नाहीं.

पुढच्या बाजारीं मीं तिला चष्म्याच्या दुकानीं नेलें. दुकानदारानें दोन नंबरचा चष्मा तिच्या नाकावर ठेवून वर्तमानपत्राचा तुकडा पुढें केला. तिनें तो वाचलाच नाहीं. ती आपल्या तळहाताकडे पाहात राहिली व म्हणाली, "एवढ्या रेघा आहेत होय रे माझ्या हातावर!"

आतां हें कशामुळें घडतें तें पाहूं. डोळ्याच्या बाहुलीमागें एक पारदर्शक भिंग असतें. लहानपणीं तें मऊ असतें. जवळची वस्तु पाहावयाची झाली म्हणजे डोळ्यांतील एक स्नायु आवळतो आणि तें भिंग अधिक फुगीर होतें. त्यामुळें जवळचें स्पष्ट दिसतें. वय वाढतें तसें भिंग ताठर होत जातें आणि पुरतें फुगत नाहीं. चांगल्या दृष्टीचें दहा वर्षांचें मूल चार बोटांच्या अंतरावरील अक्षर स्पष्ट पाहूं शकतें. चाळिसाव्या वर्षीं तें अंतर सुमारें एक वीत होतें. पन्नाशींत ४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन विती. आणि साठीला तें दोन हातांवर जातें. दोन हातांवर धरलेलें पुस्तक कोण वाचूं शकेल? हा रोग नव्हे. केंस पिकावे तसें हें आहे, आणि राजास व मजुरास तें सारखेंच येतें. ज्यांस लहानपणापासून दूरचें दिसत नाहीं, अशांपैकीं कित्येकांस मात्र म्हातारपणींही चष्मा काढून जवळचें वाचतां येतें. त्यांस पाहून "अमक्याची नजर अजून शाबूत आहे" असें लोक म्हणतात, तें पुरतें खरें नसतें.

फुगवटा असलेली कांच डोळ्यापुढें धरली कीं, भिंगाचें राहिलेलें काम ती करिते. ही युक्ति इटली देशांत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाली. फ्लॉरेन्स शहरांत जोर्दानो नांवाच्या धर्मोपदेशकानें १३०६ सालीं उपदेश करितांना सांगितलें कीं, ही कला निघून अद्याप वीस वर्षेंही झालीं नाहींत. आपल्या देशांत विजयनगरच्या काळीं व्यासराय नांवाचे यति होऊन गेले (मृत्यु १५३९). सोमनाथ कवीनें लिहिलेल्या त्यांच्या चरित्रांत ते ग्रंथ वाचतांना चष्मा वापरीत असा उल्लेख आहे, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं तो अभ्यासकांपुढें मांडला. म्हणजे ही वस्तु परकी किंवा नवी म्हणून तिचा संकोच करण्याचें कारण उरलें नाहीं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें सुमारें ८२ कोटी ६० लक्ष लोकांस अशी दृष्टि असून योग्य चष्मा मिळालेला नाहीं.

कोणी म्हणेल, "ज्यास वाचतां येतें त्यास चष्मा हवा, आम्हां शेतमजुरांस काय त्याचें?" ह्याचें उत्तर आसामांतील चहाच्या मळ्यांनीं दिलें आहे. तेथें चाळीस वर्षें व त्याहून अधिक वयाच्या ७५१ मजुरांची परीक्षा करण्यांत आली, आणि तिचा वृत्तान्त २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्यांस जवळचा चष्मा आधीं दिला, अर्ध्यांस परीक्षा संपल्यावर. ज्यांस तो आधीं मिळाला ते प्रथम दिवसास सुमारें २५ किलो पानें खुडीत. ते सुमारें ३५ किलो खुडूं लागले. ज्यांस मिळाला नव्हता त्यांचीही खुडणी सुमारें २६ किलोंवरून ३१ पर्यंत गेली, म्हणून सगळी वाढ चष्म्याची असें म्हणणें खोटें होईल. परंतु दोहोंतील फरक धरिला तरी तो सुमारें २२ टक्के भरला. कोणतें पान कोंवळें व कोणतें जून हें बोटांस डोळा सांगतो. बंगलादेशांतील खेड्यांत ८२४ लोकांवर अशीच परीक्षा झाली व २०२४ सालीं छापली गेली. आठ महिन्यांनंतर चष्मा मिळालेल्यांचें मध्यम मासिक उत्पन्न सुमारें ३५ डॉलरांवरून ४७ डॉलरांवर गेलें. इतरांचें होतें तेथेंच राहिलें. कलम बांधणें, बीं निवडणें, शिवणटिपण, औषध फवारण्यापूर्वीं डब्यावरील सूचना वाचणें, हीं सर्व जवळच्या नजरेचीं कामें होत.

चष्मा लावल्यानें डोळे अधिक बिघडतात हा समज खेड्यांत फार दृढ आहे. तो कसा उत्पन्न झाला हें समजण्याजोगें आहे. भिंग ताठर होण्याचें थांबत नाहीं, त्यामुळें कांहीं वर्षांनीं नंबर वाढतो, आणि दोष चष्म्याच्या माथीं येतो. चष्मा न लावणाऱ्याचाही नंबर तितकाच वाढत असतो. दुसरी अडचण लाजेची आहे. बाईमाणसानें चष्मा लावला तर लोक हंसतील, असें पुष्कळ घरीं ऐकूं येतें. पुरुष चष्मा घेतो तो वाचण्यासाठीं, आणि बाई कोठें वाचते, असा हिशेब केला जातो. पण सुई, सूप, चूल आणि मुलांचें औषध हीं कोणाच्या हातीं असतात? माझ्या मतें घरांत एकच चष्मा घेण्याजोगा पैसा असेल, तर तो आधीं घरधनिणीचा घ्यावा. ज्यास हें कठोर वाटेल त्यानें एक दिवस स्वतः तांदूळ निवडून पाहावे.

घेतांना काय पाहावें? साधारणतः चाळिशींत एक ते दीड, पन्नाशींत दोन, आणि साठीच्या सुमारास अडीच नंबर लागतो. तरी वयावर न विसंबतां आपलें काम बरोबर न्यावें: पदरांत मूठभर तांदूळ, सुईदोरा किंवा रोजचें पुस्तक, आणि ज्या अंतरावर तें नेहमीं धरितों त्याच अंतरावर धरून पाहावें. ज्यानें तें स्वस्थपणें दिसेल असा सर्वांत कमी नंबर घ्यावा; मोठा नंबर घेतल्यास वस्तु नाकाशीं आणावी लागते. तयार चष्म्याच्या दोन्ही कांचा सारख्या असतात, म्हणून ज्याच्या दोन डोळ्यांत फरक आहे, किंवा ज्यास दूरचेंही दिसत नाहीं, त्यानें डोळे तपासून घेऊन चष्मा करवावा. जवळचा चष्मा लावून चालूं नये, पायरी चुकते.

आणि हें विसरूं नका. चष्म्यानें प्रत्येक अंधुकपणा जात नाहीं. धुक्यांतून पाहिल्यासारखें दिसत असेल तर मोतीबिंदू असूं शकतो. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते. डोळा दुखून लाल होणें, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसणें, एका डोळ्याची नजर अकस्मात् जाणें, असें झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. मधुमेह असणाऱ्यानें दिसण्याची तक्रार नसतांही वर्षांतून एकदां डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

मावशीनें पुन्हां सुई धरिली. तिचा चष्मा ती पदरानें पुसते, आणि हें मीं तिला अनेकदां सांगूनही सुटलेलें नाहीं. धूळ असतांना कोरडें पुसल्यानें कांचेवर चरे पडतात; आधीं पाण्यानें धुऊन मग मऊ सुती कापडानें टिपावी. दोन-तीन वर्षांनीं अक्षरें पुन्हां दूर जाऊं लागलीं तर नंबर बदलावा. जुना चष्मा फेंकूं नये. पण तो शेजारणीस तसाच उचलून देऊंही नये. आधीं तिच्या हातीं सुईदोरा देऊन पाहावें.