तिसरी तार

मंडळी, प्लगची जाड पिन कशासाठी? ती तिसऱ्या तारेची, म्हणजे अर्थिंगची. मोटारीच्या लोखंडात वीज उतरली, तर ही तार ती जमिनीत नेते.

पूर्वी ही तार नळाला बांधत. आमच्या जुन्या घरीही तसेच होते. नळ लोखंडाचा असो की तांब्याचा, तो जमिनीत जाई, म्हणून काम भागे. आता मधेच प्लॅस्टिकची नळी बसवतात. तिच्यातून वीज जात नाही. मग नळच करंट धरतो, आणि घागर भरणारी सून त्याला चिकटते!

म्हणून अर्थिंगला वेगळा खड्डा हवा. त्यात तांब्याचा पत्रा, भोवती कोळसा नि मीठ. उन्हाळ्यात आपल्या पाचोऱ्याकडची काळी जमीन भेगाळते. ओल नसली तर वीज जमिनीत नीट उतरत नाही. तेव्हा खड्ड्यात पाणी ओतत जा. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विचही बसवा. नळावरची जुनी तार मात्र वायरमनकडूनच सोडवून घ्या.