खाते बँकेत, पहारा आपला



मिस्सेनंतर दानपेटी उघडली जाते तेव्हा दोघे-तिघे एकत्र बसून पैसे मोजतात. कुणावर संशय असतो म्हणून नव्हे, तर कुणावरही संशय येऊ नये म्हणून. मात्र तेच पैसे बँकेत जमा झाले की आपण निर्धास्त होतो. आजचा चोर पेटी फोडत नाही. तो आपल्याच हातून पैसे पाठवून घेतो. म्हणून आज आपण संस्थेच्या बँक खात्याच्या सुरक्षिततेचा विचार करू या.

एका चर्चमध्ये काय घडले?

अमेरिकेतील ओहायो राज्यात ब्रन्सविक येथे संत अँब्रोज चर्च आहे. २०१९ साली तेथे चर्चच्या नूतनीकरणाचे काम चालू होते. एप्रिल महिन्यात कंत्राटदाराने विचारणा केली, "दोन महिन्यांचे पैसे का आले नाहीत?" चर्चने तर पैसे वेळेवर पाठविले होते, आणि ते गेल्याचे बँकेनेही सांगितले. तपासात उलगडा झाला. चोरांनी चर्चच्या ई-मेलमध्ये शिरकाव केला होता आणि कंत्राटदाराने बँक बदलली असल्याचे भासवून नवा खातेक्रमांक कळविला होता. सुमारे साडेसतरा लाख डॉलर चोरांच्या हाती गेले. ते पैसे भाविकांनी चर्चच्या कामासाठी दिलेले होते.

काम खरे, बिल खरे, रक्कमही बरोबर. फक्त खातेक्रमांक खोटा. म्हणूनच ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही.

मंडळांनी काय करावे?

धर्मग्रामाचे खाते असो, महिला मंडळाचे असो वा युवक मंडळाचे, पुढील नियम सर्वांना लागू पडतात.

१. खातेक्रमांक बदलल्याचा निरोप आला तर पैसे पाठविण्यापूर्वी त्या माणसाला फोन करावा. निरोपात दिलेल्या नंबरावर नव्हे, आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरावर.

२. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठविताना खातेदाराचे नाव तपासावे. ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. नाव जुळले नाही तर तेथेच थांबावे.

३. पैसे एकाने भरावेत, मंजुरी दुसऱ्याने द्यावी. चेकवर दोन सह्या घेतो तसेच हे आहे. कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवण्याची सवय सोडावी. एकाने दुसऱ्याला पासवर्ड वा ओटीपी सांगितला, तर दोन माणसे असूनही पहारा एकाचाच उरतो.

४. मोठ्या रकमेचा चेक दिल्यावर त्याची तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव बँकेला आधी कळवावे. 'पॉझिटिव्ह पे' नावाची ही सोय ५० हजार रुपये व त्यावरील चेकसाठी जानेवारी २०२१ पासून आहे. ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटू लागले आहेत. खोटा चेक अडविण्यास आता पूर्वीइतका वेळ मिळत नाही.

५. बँकेचे एसएमएस खजिनदाराबरोबर आणखी एका सभासदाला मिळावेत. दर महिन्याला हिशेब न लिहिणाऱ्या व्यक्तीने पासबुक वहीशी ताडून पाहावे.

६. दानासाठी लावलेला क्यूआर कोड दर रविवारी स्कॅन करून नाव तपासावे. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे चोरांनी रातोरात दुकानांवरील क्यूआर कोडवर स्वतःचे कोड चिकटविले होते.

आपण प्रत्येकाने काय करावे?

फादरांच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला तर प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून विचारावे. विचारल्याबद्दल कोणीही रागावणार नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ बँकेला कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते गोठविता आले तरच परत मिळण्याची आशा असते. येथे एक-एक तास मोलाचा आहे.

विश्वास आणि तपासणी

"आपल्याच माणसांवर अविश्वास कशाला?" असे काहींना वाटेल. संत पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधूही पाठविले, आणि कोणी दोष देऊ नये म्हणून ही काळजी असल्याचे करिंथकरांना स्पष्ट लिहिले (२ करिंथ ८). तपासणीमुळे प्रामाणिक खजिनदाराचा अपमान होत नाही, त्याचे संरक्षण होते. ब्रन्सविकच्या कर्मचाऱ्यांनी पैसे घेतले नव्हते. ते फसविले गेले होते.

मंडळाच्या सभेत चर्चेसाठी

१. आपल्या खात्यातून एकटी व्यक्ती पैसे पाठवू शकते काय?

२. पासबुक व वही शेवटची कधी ताडून पाहिली, आणि कोणी?