पसंतीक्रम घरी बसून ठरवा

आमच्या न्हावरे गावात उसाचं टनेज, उचल, कपात यांचा हिशेब घरचाच माणूस वहीत मांडतो. त्यासाठी कुणी परका आणून बसवत नाही. मुलांच्या इंजिनीअरिंग प्रवेशाचा पसंतीक्रम मात्र आपण तालुक्याच्या गावी जाऊन नेट कॅफेवाल्याच्या हाती सोपवतो. माझ्या पुतणीच्या बाबतीत हेच झालं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पुतणी लहानपणापासून विहिरीवरच्या मोटरीपाशी तिच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या दादाच्या, मागे उभी राहायची. स्टार्टर का पडतो, एक फेज गेली की मोटर का जळते, हे तिला अकरावीच्या आधीच कळत होतं. तिला इलेक्ट्रिकलच हवं होतं. १६ जून २०२५ला सीईटीचा निकाल लागला. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीचा अर्ज भरायच्या दिवशी आमच्या कारखान्यात शटडाऊन होता, म्हणून दादा एकटाच तिला घेऊन कॅफेत गेला. तिथे यादी तयारच होती. तिच्या पर्सेंटाइलच्या जरा वरून सुरुवात करून मागच्या वर्षीचे कटऑफ उतरत्या क्रमाने लावलेले. शाखेचा विचार त्यात नव्हताच. इलेक्ट्रिकलचं नाव यादीत बरंच खाली आलं. "पाहुणे, आता सगळे कॉम्प्युटरच घेतात. नाही पटलं तर पुढच्या फेरीत बदलता येतं," असं सांगून त्याने अर्ज कन्फर्म केला. जागा लागली ती तिसऱ्या क्रमांकाची, कॉम्प्युटरच्याच एका नव्या नावाच्या शाखेची.

पुढच्या फेरीत काहीच बदलता आलं नाही. २०२५-२६च्या प्रवेशाला कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) चार फेऱ्या झाल्या आणि नियमही बदलले. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही लागला, की जागा ऑटो फ्रीझ व्हायची. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांना मुकायचं. हे सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं. कॅफेतला माणूस आदल्या वर्षीच्या नियमांवर बोलत होता. नियम दरवर्षी बदलतात. त्यामुळे त्या वर्षीची पुस्तिका आई, बाप आणि मुलगी तिघांनी वाचावी. भाषा किचकट वाटली तर शाळेतल्या सरांना घरी बोलवावं, पण वाचावीच.

आपल्या भागात एक समज फार पक्का आहे: एखादं कॉलेज खाली लिहिलं तर ते वर लिहिणाऱ्याला आधी मिळतं, म्हणून 'हमखास मिळणारं' वर लिहा. हे खरं नाही. जागा मिळते गुणवत्ता क्रमांकाने. तुमच्या क्रमांकाची पाळी आली की संगणक तुमची यादी वरून खाली बघतो आणि जी पहिली उपलब्ध जागा दिसेल ती देतो. अवघड वाटणारी, पण मनापासून हवी असलेली जागा सगळ्यात वर लिहिल्याने काहीही बिघडत नाही. बिघडतं ते नको असलेली जागा वर लिहिल्याने. अर्जात तीनशेपर्यंत पर्याय देता येतात, पण तेवढे भरलेच पाहिजेत असं नाही. पहिल्या सहांत तर तेच लिहा, जे उद्या लागलं तर मुलगी हसत जाईल.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही घरच्यांना नीट समजावून सांगावं लागतं. २०२५ला पीसीएम गटात सव्वाचार लाखांच्या आसपास मुलं बसली होती. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे आपल्या पुढे बेचाळीस हजारांच्या घरात मुलं आहेत. कटऑफची यादी बघताना आपला रकाना शोधा. सुरुवातीचा 'जी' म्हणजे सर्वांसाठीची जागा, 'एल' म्हणजे मुलींची. शेवटचा 'एच' म्हणजे गृहविद्यापीठ, 'ओ' म्हणजे बाहेरचं, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. शिरूर-दौंडच्या पोरांचं गृहविद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, त्यात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. कितीतरी घरं दुसऱ्याच रकान्यातला आकडा बघून चांगलं कॉलेज सोडून देतात.

आता शाखेबद्दल. २०२४-२५पासून एआयसीटीईने चांगल्या ठरलेल्या कॉलेजांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली आणि कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. एआय, डेटा सायन्स, मशीन लर्निंग अशी नावं आली. ज्या पोराला गणित आणि तर्क आवडतात, तासन् तास स्क्रीनसमोर बसून चूक शोधायचा धीर आहे, त्याने ती शाखा खुशाल घ्यावी. पण माझ्या शॉपफ्लोरवर रात्री दोनला लाइन बंद पडते, तेव्हा ज्याला पॅनेल उघडून पीएलसीचा प्रोग्रॅम वाचता येतो, ड्राइव्हचा फॉल्ट ओळखता येतो, सेन्सर बदलता येतो, त्यालाच फोन जातो. ही माणसं इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, ई अँड टीसी, मेकॅनिकलची आहेत. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत केमिकलवाले लागतात, साखर कारखान्याच्या बॉयलर-टर्बाइनवर मेकॅनिकलवाले. आयटी कंपन्याही इतर शाखांची मुलं घेतात. त्यामुळे 'कॉम्प्युटर नाही तर काहीच नाही' हे मला मान्य नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढा आणि विषयांची नावं मुलासमोर ठेवा. कोणती नावं वाचताना तो प्रश्न विचारतो, तिकडे लक्ष द्या.

कॉलेज बघायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. प्रयोगशाळा चालू असेल तेव्हा जा आणि तिसऱ्या वर्षातल्या मुलांना कँटीनमध्ये गाठा. एनबीएची मान्यता त्या शाखेला आहे का, ते विचारा. नॅक पूर्ण कॉलेजला असतं, एनबीए शाखेला. जाण्यायेण्याचा विचारही करा. दौंडच्या पोरांना पुण्याला रेल्वे आहे. आपल्याला नगर रस्त्यावर वाघोलीची कॉलेजं जवळ पडतात. अवसरीचं सरकारी कॉलेजही यादीत असू द्या.

कॅपमधली जागा सोडून व्यवस्थापन कोट्यात जायचा सल्ला कुणी दिला, तर आधी पैशांचं विचारा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला लागतो. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क २०२४पासून पूर्ण माफ आहे. कोट्यात गेलात तर तेही गेलं. मुलामुलींसाठी टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या, जागाही असतात. त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' येतो आणि तो पसंतीक्रमात वेगळा लिहावा लागतो. न लिहिल्यामुळे ती जागा हातची जाते.

कागद वेळेत काढा. कास्ट व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीतच टाका. नॉन क्रीमी लेयरचा दाखला प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. नसेल तर मुलगी खुल्या गटात मोजली जाते. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते, सर्व्हर बंद असतो, आणि अर्जाची मुदत कुणासाठी थांबत नाही.

पुतणीने प्रवेश घेतला. जागा सोडली असती तर शुल्कमाफीही गेली असती, हे तिनेच हिशेब करून दादाला सांगितलं. पहिलं वर्ष संपल्यावर दुसऱ्या शाखेत जागा रिकामी असेल, तर गुणवत्तेप्रमाणे शाखा बदलता येते. तिच्यासारखी जी मुलं अडकली असतील त्यांनी पहिल्या सत्रापासूनच गुण राखावेत, एकही विषय मागे ठेवू नये आणि शाखाबदलाच्या अर्जाची तारीख कार्यालयात आधीच विचारून ठेवावी. तिच्या कॉलेजात ही चौकशी करायला मी स्वतः रजा टाकून जाणार आहे.