विमानाचं कव्हर शिवायचं, पण माप कुठून आणायचं?

मागच्या बॅचमध्ये एका पोरानं विचारलं, "सर, घाटनांदूरात बसून विमानाचं कव्हर शिवता येईल का?" सगळे हसले. मला मात्र प्रश्न आवडला.

आधी गिऱ्हाईक बघू. खासगी मालकीची छोटी विमानं आपल्याकडं मोजकीच. पण बारामती, धुळे, गोंदिया इथं वैमानिक प्रशिक्षण चालतं, तिथं छोटी विमानं असतात. शिवाय कॅप्टन अमोल यादव यांच्यासारखा एखादा असतो. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं, २०१७ ला त्याची नोंदणी झाली. आता अशा एकुलत्या एक विमानाचं रेडिमेड कव्हर कोणत्या दुकानात मिळणार? अंगावर माप घेऊनच शिवावं लागेल.

सेस्ना १७२ घ्या. पंखांचा पसारा ३६ फूट, लांबी २७ फूट. वरून ताडपत्री टाकली की झालं? नाही. ढिलं कापड वाऱ्यानं फडफडतं, खाली धूळ अडकते आणि तेच कापड पॉलिश पेपरसारखं रंग घासतं. पुढची काच तर काच नसतेच, ॲक्रिलिक असतं. त्यावर चरे पडले की समोरून ऊन आल्यावर वैमानिकाला नीट दिसत नाही. म्हणून आतून मऊ अस्तर, वरून पाणी रोखणारं पण आतली वाफ सोडणारं कापड, पोटाखालून आवळणारे पट्टे आणि अँटेनासाठी नेमक्या जागी चिरा. बकलखालीसुद्धा कापडाची गादी लागते.

आता सगळ्यात लहान कव्हर. हवेचा वेग मोजणारी एक नळी असते, पिटॉट म्हणतात तिला. सेस्नात ती डाव्या पंखाखाली असते. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात बर्गेनएअरचं बोइंग ७५७ पडलं, १८९ माणसं गेली. काही दिवस उभ्या असलेल्या त्या विमानाची नळी झाकलेली नव्हती, आणि आत किड्यानं घर केलं असावं असा तपासाचा संशय होता. उलटंही होतं. २०१८ ला ब्रिस्बेनहून एक मलेशियन विमान नळ्यांवरची कव्हरं न काढताच उडालं. नशिबानं सुखरूप उतरलं. म्हणून या कव्हरला लांब लाल फीत लावतात, लांबूनच दिसली पाहिजे. ती वाचवायला जाऊ नका.

माझी एक फजिती सांगतो. ट्रॅक्टरचं कव्हर मी कंपनीच्या माहितीपत्रकावरून कापलं. मालकानं पुढं जाळी बसवून घेतली होती, कव्हर चढेचना. कापड वाया, मजुरी वाया, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. विमानात तर आरसा, दिवा, अँटेना प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळं आधी स्वस्त कापडाचा फर्मा करा, जागेवर जाऊन चढवा, खडूनं खुणा करा, मग खरं कापड कापा. विमानतळावर परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, तेव्हा मालकाकडून तारीख आधी ठरवून घ्या.

आणि फर्म्याचे, जाण्या-येण्याचे पैसे शिलाईत घुसडू नका. बिलावर वेगळी ओळ टाका, निम्मा ॲडव्हान्स घ्या. फर्मा मात्र गिऱ्हाइकाला देऊ नका, नाव-तारीख लिहून दुकानातच टांगून ठेवा. दोन-तीन वर्षांनी उन्हानं कापड गेलं की तोच माणूस परत येतो.