परसातला शेवगा आणि हवाई बेटांवरची आगमुंगी



हवाई बेटांचं नाव आपणा ऊसवाल्यांना नवं नाही. तेथे १८३५ साली कोलोआ येथे व्यापारी ऊसमळा सुरू झाला. शेवटचा साखर कारखाना माऊई बेटावरचा. तोही डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. आज आम्ही उसाचं नव्हे, तेथल्या परसाचं सांगणार आहोत.

या ऊसमळ्यांवर १९०६ पासून फिलिपाइन्सचे मजूर आले. ही मंडळी मुगाच्या आमटीत शेवग्याचा पाला घालतात. शेवगा मूळचा आपल्या देशातला, पण आपण शेंगेवर खूश आणि पाला शेळीला! वास्तविक लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व पाल्यात भरपूर. पाल्यासाठी झाड उंच जाऊ देऊ नये. छातीएवढं झालं की शेंडा छाटावा, म्हणजे फुटवा येतो आणि पाला हाताशी राहतो.

पण तेथे पाला तोडायला गेलेली बाई मानेला हात लावून ओरडत परत येते. कारण आगमुंगी. जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची ही परकी मुंगी १९९९ मध्ये तेथे प्रथम आढळली आणि कुंड्यांतल्या रोपांबरोबर पसरली. ती जमिनीत राहते तशी झाडावरही राहते. फांदी हलली की अंगावर पडते आणि डंख मारते. कुत्र्यामांजरांचे डोळे तिच्या डंखाने पांढरे पडतात.

शिवाय मावा आणि पिठ्या ढेकूण यांचा चिकटा खायला मिळतो म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणजे भाजीवरची कीडही वाढते. हे आपल्याकडच्या मुंग्याही करतात. उसावर मुंग्यांची रांग दिसली तर पाचट सोलून आत पिठ्या आहे का पाहावं.

फवारा मारला की दिसणाऱ्या मुंग्या मरतात, आत अनेक राण्या अंडी घालतच राहतात. आपणही पूर्वी बी.एच.सी. भुकटी टाकून हेच करत होतो. (ती भुकटी १९९७ पासून बंद आहे, कोणाच्या माळ्यावर असेल तर वापरू नये.) हवाईत आता आमिष देतात. तेल आणि शेंगदाण्याचं लोणी यांच्या दाट लगद्यात मेथोप्रीन मिसळून खोडावर, बेचक्यांत थेंब सोडतात. खायच्या पाल्यावर नाही. हे औषध कामकरी मुंगीला मारत नाही. ती ते घरट्यात नेऊन भरवते, आणि पुढची पिल्लं मोठी होत नाहीत. दर सहा आठवड्यांनी, वर्षभर हे करावं लागतं. पाऊस येणार असेल त्या दिवशी करत नाहीत. मधेच सोडलं तर मुंग्या पुन्हा भरतात.

मुंगी आहे की नाही हे ओळखण्याची तेथली रीत सोपी आहे. काडीला शेंगदाण्याचं लोणी पातळ चोपडून सावलीत, झाडाच्या बुडाशी आणि बेचक्यात तासभर ठेवतात. आपल्याला खराट्याची काडी आणि कुटलेले दाणे पुरतील. रोपवाटिकेतून कुंडी आणली की आधी ती काडी कुंडीत ठेवून पाहावी, मगच रोप परसात न्यावं.